मेलेल्या तारेचा झटका

अंकुश भोये दारात उभा राहिला तेव्हा निमेशने मान वर करण्याआधी नाक वर केलं. सुक्या बोंबलांचा वास जिना चढून आधी आला होता, माणूस मागून आला.

"जमनाताई मेहेर हितंच बसतात ना?"

त्याचा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत गुंडाळलेला होता आणि डोक्यावरचे केस अजून नीट खाली बसलेले नव्हते.

बोईसरच्या बाजारात मोटारी रिवाइंड करणाऱ्या दुकानाच्या वर 'मेहेर तपास' अशी पाटी होती. जमनाताईंची तीस वर्षं वीजचोरी पकडणाऱ्या पथकात गेली. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून त्यांनी हे ऑफिस थाटलं. सवय मात्र सुटली नव्हती. बायका अंबाड्यात आकडा खोचतात, तसा त्या टेस्टर खोचत. निमेश चुरी पूर्वी विमा विकायचा. आता स्कूटर चालवणं, टिपणं घेणं आणि चुकीचे निष्कर्ष काढणं ही त्याची कामं. तिसरं त्याला कुणी नेमून दिलेलं नव्हतं, तो आपणहून करायचा.

"बसा," जमनाताई म्हणाल्या. "हाताला काय झालं?"

"तोच वांधा हाय, ताई. जे झालं ते कोणी मानत नाय."

अंकुश दर्याकाठ वीज संस्थेचा लाइनमन. उंडीपाड्याला, अगदी किनाऱ्यालगत, मंगळवारी नऊ नंबरच्या खांबावरची फुटकी चिमणी बदलायची होती. चिनीमातीची चिमणी फुटली की तार खांबाला टेकायची भीती असते. बारा वाजून पाच मिनिटांनी त्याने डीपीवरचे फ्यूज काढून खिशात घातले. अख्खा पाडा बंद झाला. खांबावर चढला, टेस्टर लावला, तार मेलेली. मग खांबावरचा जोड सोडवला. त्यामुळे पुढची चार घरं बाकीच्या गावापासून तुटली.

"आणि मग?"

"मग जुनी चिमणी काढली, नवी बसवली. पुढच्या तारेला हात लावला आणि ताई, तार जिवंत! मी सरळ लाडकीबायच्या बोंबील वाळवायच्या वलांडीवर. बोंबलांच्या तीन रांगा मोडल्या, म्हणून हाडं राहिली."

"अर्थिंगची साखळी?"

चुकून आलेली वीज जमिनीत उतरावी म्हणून काम करताना ती तारेला लावतात. अंकुशने मान खाली घातली. "डीपीच्या अंगाला लावलेली. पुढच्या अंगाला नाय. तिकडून वीज येणार कुठून? पुढं दर्या हाय."

निमेशला हे अगदी पटलं. त्याने 'पुढे दर्या' असं टिपून त्याखाली दोन रेघा मारल्या.

"आता इंजिनिअरसाहेब बोलतात, मी फ्यूज न काढताच चढलो. कोणी बोलतं, पिऊन चढलो. उद्या अकराला चौकशी हाय. नोकरी जाईल ती जाईल, पण माझी बायको इचारते, खरं सांग, फ्यूज काढलेले ना? घरातच कोणाला खात्री नाय."

जमनाताईंनी अंबाड्यातला टेस्टर काढून पुन्हा घट्ट खोचला. निमेशने स्कूटरची चावी उचलली. त्या खुणेचा अर्थ त्याला दोन वर्षांत एवढा तरी कळला होता.

नऊ नंबरच्या खांबाखाली संस्थेचे इंजिनिअर नागोराव मोबाइल हातात घेऊन उभेच होते. साहेब परभणीकडचे. समुद्राकडे ते नेहमी संशयाने बघत.

"मॅडम, फ्यूज काढला नसेल तर लाइनमन दोषी. काढला असेल तर हा सायबर हल्ला आहे," ते म्हणाले. "हे ॲप बघा. पुढच्या चारही घरांवर सोलर आहे. बारा पाचला चारही छपरं बंद. बारा सत्तावीसला चारही एकदम चालू! बारा छत्तीसला चारही एकदम बंद! एका वेळी चार यंत्रं कोण हलवू शकतो? परदेशातून कळ दाबली कुणीतरी."

"उंडीपाड्यासाठी?" जमनाताईंनी विचारलं.

"सुरुवात छोट्या गावापासूनच करतात."

निमेशला हेही पटलं.

पहिलं घर सुजीत आक्रेचं. चारही घरांवर सोलर त्यानेच बसवलेलं, त्यामुळे तीन दिवस त्याला झोप नव्हती. ओटीवर विकायला आणलेल्या बॅटऱ्यांची चार खोकी रचलेली होती. निमेशने जमनाताईंना कोपर मारलं. जमनाताईंनी खोक्यांवरून बोट फिरवलं. चिकटपट्टी कोरी आणि बोटभर धूळ.

"ताई, माझी यंत्रं असं करूच शकत नाहीत," सुजीत म्हणाला. "लाइन मेली की छपरावरचं यंत्र आपोआप मरतं. तारेवर माणूस असेल तर त्याला धोका नको म्हणून तशी सोयच असते. ते एकट्याने लाइन उठवू शकत नाही. लाइन आधी जिवंत दिसायला हवी. मग ते मिनिटभर खात्री करतं आणि तिच्यात वीज सोडतं."

"आणि घराचा मेन स्विच पाडलेला असेल तर?"

"मग छपराची आणि तारेची गाठच नाही. तारेतलं घरात नाही, छपरावरचं तारेत नाही. ॲपवर ते छप्पर बंदच दिसणार. अंकुशने दारोदार फिरून मेन पाडायला सांगितलं होतं, पण खरं सांगतो, मी विसरलो. मधे वीज आली तेव्हा आमचा फ्रीज टीं करून सुरू झाला, तेव्हा आठवलं."

"मधे आली?"

"आली की. दहाएक मिनिटं. मला वाटलं, काम उरकलं."

दुसऱ्या घरात हेमालीचं ब्यूटी पार्लर. अंकुशचं नाव काढताच तिने कपाळावर हात मारला.

"माझ्याकडे नवरी बसली होती हो! सालवडची. संध्याकाळी हळद. डावीकडचे केस सरळ झाले आणि वीज गेली. ती रडायला लागली, तिची आई मला बोलायला लागली. मेन पाडायचं कुणाला सुचतंय? मग दोनदा बल्ब नुसता लुकलुकला आणि विझला. तिसऱ्या वेळी लागला तो राहिला. मी मशीन लावलं आणि उजवीकडे कानापर्यंत आले, तर बाहेर कुणीतरी किंचाळलं आणि वीज परत गायब."

"किंचाळणं आधी की वीज आधी?"

हेमालीने डोळे मिटून विचार केला. "किंचाळणं आधी. मी दचकले, मशीन नवरीच्या कानाला लागलं, ती किंचाळली आणि मग अंधार."

बाहेर पडल्यावर निमेश दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, हिनेच केलं. नवरीची आई समोर बसल्यावर माणूस काहीही करेल."

"कशाने केलं?"

"ते अजून ठरवलं नाही."

तिसरं घर लाडकी तामोरेचं. सत्तरीची लाडकीबाय वलांडीच्या मोडक्या बांबूंना दोरी बांधत होती. ती अंकुशवर चिडलेली होती, पण त्याच्यासाठी बाजूला खुर्चीही टाकून ठेवली होती.

"पडायचा तो पडला. पण उद्याच्या बाजाराचे बोंबील हाय ते! बाजूच्या मांदेलीवर पडता नसतं आलं?"

"आजी, मधे वीज आली होती?"

"आली ना. माझा डीप फ्रीज घुरघुरला, मला बरं वाटलं. मेन-बिन मी नाय पाडला, माझा हात पोचत नाय तिथपर्यंत. मग हा वरून आला. मी लगोलग गाडीवाल्यांना फोन लावला, हॉस्पिटलच्या."

तिने मोबाइल काढून दाखवला. रुग्णवाहिकेला केलेला फोन: बारा वाजून छत्तीस मिनिटं.

जमनाताईंनी तो आकडा निमेशला टिपायला लावला. "आजी, शेवटचं घर कुणाचं?"

"देवू तांडेलचं. बायको उमरोळीला गेली, लेकीच्या बाळंतपणाला. त्याला चूल पेटवता येत नाय, दोन वेळा माझ्याकडंच जेवतो. अख्ख्या बंदरात त्याच्याएवढा मोठा आवाज कोणाचा नाय, पण मंगळवारपासून मुकाट्यानं गिळून जातो. आजारी-बिजारी असेल."

देवू मर्दे स्वतःच्या बोटीचा तांडेल. गडी दारापेक्षा रुंद होता. रंगकामासाठी त्याची बोट किनाऱ्यावर ओढलेली होती. जमनाताईंनी आधी बोटीच्या केबिनमध्ये डोकावून पाहिलं. बॅटऱ्यांच्या जागी नुसते गंजाचे चौकोन होते.

"बॅटऱ्या बोईसरला दिल्या चार्जिंगला," देवू म्हणाला. "इन्व्हर्टर पण दिला रिपेरीला."

त्याच्या लुंगीवर गुडघ्यापाशी पाच-सहा ताजी भोकं होती, कडा पिवळ्या पडलेली. निमेशला वाटलं, माणूस एवढा बोटवाला आणि लुंगी बदलत नाही.

"मंगळवारी मधे वीज आली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"मधे? नाय आली मधे. मी मेन पाडलेला. अंकुश सांगून गेला आणि मी लगेच पाडला. दोन तास घामात बसलो. बाकीचे शब्द पाळत नाय, मी पाळतो."

आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. त्यामागून डबडब, डबडब असा आवाज येत होता. दुपारचे चार वाजले होते. निमेशच्या पोटाने त्या आवाजाला उत्तर दिलं.

"काही शिजतंय का?" त्याने आशेने विचारलं.

"भात," देवू म्हणाला आणि दारासमोर जाऊन उभा राहिला. ते दार त्याच्यामागे दिसेनासं झालं.

परतीच्या वाटेवर निमेश म्हणाला, "एकच प्रामाणिक माणूस भेटला. मेन पाडला होता बिचाऱ्याने."

जमनाताई मागच्या सीटवर इतक्या हसल्या की स्कूटर डुलली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चौकशी बसली ती हेमालीच्या पार्लरमध्ये, कारण सगळ्यांना पुरतील एवढ्या खुर्च्या तिथेच होत्या. नागोरावांना गोल फिरणारी खुर्ची मिळाली. बोलताना ते हळूहळू फिरून आरशाकडे जात आणि स्वतःलाच प्रश्न विचारू लागत. अंकुश कोपऱ्यात उभा. सुजीतने नखं खाल्लेली, लाडकीबायने बसल्या बसल्या दोरी वळायला घेतलेली, आणि देवू केस वाफवायच्या घुमटाखाली अंग चोरून बसलेला.

"साहेब, तुमचा परदेशी चोर आपण आधी घरी पाठवू," जमनाताई म्हणाल्या. "वीज बारा छत्तीसला गेली. आजींनी रुग्णवाहिकेला फोन केला बारा छत्तीसलाच. म्हणजे अंकुश पडला त्याच मिनिटाला कुणीतरी वीज बंद केली. हेमालीने किंचाळी आधी ऐकली, वीज नंतर गेली. सातासमुद्रापलीकडे अंकुशची किंचाळी कशी ऐकू जाईल? बंद करणारा हाकेच्या अंतरावर होता. ऐकलं, घाबरला आणि बंद केलं."

नागोराव आरशाकडून परत फिरले. "पण चारही छपरं एकदम?"

"छपरं निर्दोष आहेत. त्यांना लाइन जिवंत दिसली, त्यांनी मिनिटभर खात्री केली आणि वीज सोडली. नियमाने वागली. त्यांना फसवलं कुणी? डीपी बंद, छपरं बंद. म्हणजे त्या चार घरांत तिसरीच वीज हवी. बॅटरीची."

सगळे सुजीतकडे वळले. सुजीतने उरलेलं नख तोंडात घातलं.

"त्याची खोकी उघडलेलीच नाहीत. आता हेमालीचा बल्ब आठवा. दोनदा लुकलुकला, तिसऱ्यांदा राहिला. का? पहिल्या दोन वेळा अंकुशने खांबावरचा जोड सोडवला नव्हता. तारेला अख्खा पाडा लटकलेला होता. एवढं ओझं एका घरच्या इन्व्हर्टरला पेलेल? तो बंद पडायचा. अंकुशने जोड सोडवला आणि फक्त चार घरं उरली. तेवढं त्याला पेललं. त्यावर चारही छपरं जागी झाली, तारेत जोर आला. आणि वर अंकुश."

अंकुशने पट्टीचा हात छातीशी धरला.

"म्हणून कालपासून मी एकच प्रश्न विचारतेय. मधे वीज आली का? सुजीतचा फ्रीज वाजला. हेमालीचा बल्ब लागला. आजींचा डीप फ्रीज घुरघुरला. चौथ्या घरात आली नाही. का, तर मेन पाडला होता म्हणे."

"मग बरोबरच आहे की," निमेश म्हणाला.

"निमेश, ॲपवर किती छपरं चालू झाली?"

"चार."

"मेन पाडलेल्या घराचं छप्पर चालू दिसतं का?"

निमेशने वही उघडली, सुजीतचं वाक्य वाचलं आणि वही मिटली. त्याच्या तोंडून नुसतं "अरे" एवढंच आलं.

"मेन चालू होता. तरी त्या घराला वीज 'आलेली' दिसली नाही, कारण तिथे ती यायची नव्हती. तिथून ती निघत होती. बोटीच्या बॅटऱ्या बोईसरला गेल्या म्हणे. मग लुंगीवर ॲसिडची ताजी भोकं कशी? बॅटऱ्या पोटाशी धरून घरात आणल्या की ॲसिड ओघळून अशी भोकं पडतात. बोटीचा इन्व्हर्टर आणला, दोन्हीकडे पिना असलेली वायर केली आणि भिंतीच्या सॉकेटात खुपसली. मेन पाडून खुपसली असती तर कुणाला ओरखडा आला नसता. बरोबर ना, तांडेल?"

देवू उठला. घुमट त्याच्या डोक्यावर आपटला, पण त्याला ते कळलं नाही.

"मेन पाडायचा राहिला," तो म्हणाला. त्या आवाजाने बंदरावरचे कावळे उडायचे, आज तो जेमतेम हेमालीपर्यंत पोचला. "घाईत राहिला. पिना उपटून मी धावत आलो, तर हा बोंबलांत पडलेला. मला वाटलं, मेला."

"पण कशासाठी?" नागोरावांनी विचारलं. "दोन तासांचा तर प्रश्न होता."

देवूने लुंगीवरची भोकं हाताने झाकली.

"ते मी सांगू की तुम्ही?" जमनाताईंनी विचारलं. "ज्याला चूल पेटवता येत नाही, जो दोन्ही वेळा आजींकडे जेवतो, त्याच्या घरी दुपारी चार वाजता भात शिजत होता. वास नाही, वाफ नाही, नुसती डबडब. पाण्यात हवा सोडली की असा आवाज येतो."

देवूने डोळे मिटले. "मासे," तो म्हणाला.

"मासे तर सगळ्यांकडेच हायेत," लाडकीबाय म्हणाली.

"जिवंत. काचेच्या पेटीत. सोनेरी." मग बांध फुटल्यासारखं तो बोलत सुटला. "लेक सासरला गेली, ती दोन ठेवून गेली. बोलली, बाबा, सांभाळ. आता अकरा झाले. ऊन एवढं, हवेची मशीन बंद पडली तर अर्ध्या तासात वर येतात तोंड वासून. मी बघितलंय एकदा. मला नाय बघवत."

लाडकीबायच्या हातातली दोरी गळून पडली. "तू? दर खेपेला शंभर किलो मारून आणणारा तू?"

"ते वेगळे!" देवू ओरडला.

आधी लाडकीबाय हसली, मग हेमाली, मग सुजीत तीन दिवसांचं साठलेलं हसला. नागोराव हसू लपवायला आरशाकडे फिरले आणि आरशात सगळ्यांना दिसले.

अंकुश हसला नाही. त्याने निमेशच्या हातून पाण्याचा ग्लास घेतला, डाव्या हाताने जमेल तसा प्यायला आणि देवूसमोर जाऊन उभा राहिला.

"तू बोलला का नाय, तांडेल? मासे पाळतो हे कळलं असतं तर लोक हसले असते. मी फ्यूज काढला नाय असं लोक बोलत होते, ते तू ऐकत होता. माझी बायको मला तीन दिवस इचारते. ते तुला चाललं?"

देवूचा चेहरा काळवंडला. एवढा मोठा माणूस, त्याला हात कुठे ठेवावे ते कळेना.

"नाय चाललं," तो म्हणाला. "जेवण गोड लागत नव्हतं. रोज ठरवायचो, आज जाऊन सांगतो. तुझ्या दारापर्यंत दोनदा आलो." तो नागोरावांकडे वळला. "लिहा साहेब. देवू मर्देनं केलं. सोनेरी माशांसाठी केलं, ते पण लिहा. आणि काय शिक्षा असेल ती द्या."

नागोरावांनी खिशातून कागद काढला, 'सायबर' शब्द खोडला आणि 'लाइनमन निर्दोष' असं ठळक लिहिलं. मग ते जरा ओशाळून म्हणाले, "साखळी दोन्ही अंगांना लावायचा नियम मीच काढायला हवा होता. वीज आता एकाच बाजूने येत नाही, हे मला ठाऊक होतं. मी चोर लांब शोधत बसलो. आता नोटीस काढतो. आणि छपरावर सोलर असलेल्या प्रत्येक घराबाहेर कुलपाचा स्विच. किल्ली लाइनमनकडे."

"आणि तांडेलचं काय करायचं?" निमेशने विचारलं.

"ते अंकुशनं सांगावं," जमनाताई म्हणाल्या.

अंकुशने देवूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मी वर चढेन त्या दर वेळी यानं खाली उभं राहायचं," तो म्हणाला. "बोटीवर नसेल तेवढे दिवस. बाकी काय नको मला."

मग दाराशी जाऊन तो वळला. "आणि ते मासे बघायचे हायेत."

सगळी चौकशी देवूच्या घरी गेली. आतलं दार उघडलं, तेव्हा निमेशला कळलं की भात नाहीच. काचेमागे अकरा सोनेरी मासे सावकाश फिरत होते आणि अख्ख्या किनाऱ्याला शिव्या देणारा माणूस वाकून, प्रत्येकाला नावाने, पाहुण्यांची ओळख करून देत होता.

महिनाभराने जमनाताई आणि निमेश एका कामासाठी नवापूरच्या रस्त्याने चालले होते. उंडीपाड्याच्या वळणावर आवाज आला आणि निमेशने दचकून ब्रेक दाबला.

"मेन पाडाऽऽ! सुजीत! हेमाली! पाडला का? तोंडानं सांगू नको, बाहेर येऊन दाखव!"

भर उन्हात खांबाखाली देवू उभा होता. गळ्यात अर्थिंगची जादा साखळी, कमरेला दोरी आणि मान वर. खांबावर अंकुश चढत होता.

"तांडेल, बंद हाय ना नक्की?"

देवूने लुंगीच्या ओच्यात हात घातला आणि ओंजळभर फ्यूज काढून वर दाखवले.

"गावातल्या एकूण एक घराचे काढून आणलेत! सरपंचाचे पण! तू चढ बिनधास्त!"

अंकुशने टेस्टर लावला, दोन्ही अंगांना साखळ्या लावल्या आणि मगच तारेला हात घातला. त्याचा हात तारेवर टेकला, तसे खाली देवूने डोळे घट्ट मिटून घेतले. वरून शिट्टी ऐकू आल्यावरच त्याने ते उघडले.